रंगाचा बेरंग

नाटकाचं परीक्षण येतं, सिनेमाचं येतं, कवितासंग्रहाचं येतं (ते बहुधा दुसऱ्या कवीनं लिहिलेलं असतं आणि पुढच्या महिन्यात त्याची परतफेड होते). इतकंच काय, हॉटेलातल्या मिसळीचंही परीक्षण हल्ली छापून येतं. पण लहान मुलांच्या खेळाच्या डब्याचं परीक्षण काही कुणी लिहीत नाही. डब्याच्या झाकणावर कारखानदारानं स्वतः जे छापलेलं असतं तेच परीक्षण. म्हणजे नवऱ्या मुलाचा स्वभाव नवऱ्या मुलाच्या बापालाच विचारायचा, तशातला प्रकार.

वास्तविक याची गरज नाटकापेक्षा जास्त आहे. नाटक पडलं तर माणूस मध्यंतरात उठून घरी जाऊ शकतो. खेळाचा डबा पडला तर घरी जाता येत नाही, कारण आपण घरीच असतो. शिवाय समोर चार वर्षांचा प्रेक्षक मांडी घालून बसलेला असतो आणि तो 'आबा, परत' याखेरीज दुसरा अभिप्राय देत नाही. माझी पात्रता विचाराल, तर मी एक रंग जुळवायचा डबा सलग सव्वीस दिवस खेळलो आहे. नाटकाचे टीकाकार एकच प्रयोग बघून लिहितात.

आमचं गाव धाराशिव. सरकारदरबारी २०२३ सालापर्यंत उस्मानाबाद. त्यामुळे पुण्याहून मुलानं पार्सल धाडताना पत्त्यात एक नाव लिहून दुसरं कंसात घातलं होतं, आणि पार्सलवाल्या पोरानं दोन्ही नावं नीट वाचून ते तिसऱ्याच गल्लीत नेलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नात महिनाभर आमच्याकडे राहणार होती. तिच्या आधी तिचा डबा आला. सूनबाईंनी फोनवर बजावलं, "बाबा, तिला मोबाईल देऊ नका हं. त्याऐवजी तिच्याशी हा गेम खेळा. एज्युकेशनल आहे."

एज्युकेशनल हा शब्द मला औषधाच्या बाटलीवरच्या 'चवीला गोड' या शब्दांची आठवण करून देतो. फरक एवढाच, की औषध गोड आहे असं सांगून मुलाला पटवायचं असतं, आणि खेळ कडू आहे असं सांगून आईबापांना.

डब्याच्या झाकणावर एक गोरंगोमटं मूल सगळे दात दाखवून हसत होतं. एवढं हसण्यासारखं आत काय आहे, हे मी सव्वीस दिवस शोधत होतो. आत जाड पुठ्ठ्याचा एक चौघडी पट होता. त्यावर चार बागा, प्रत्येक बागेत बारा भोकं आणि प्रत्येक भोकाला रंगीत कडं. सहा रंगांच्या अठ्ठेचाळीस लाकडी चकत्या, आणि एक फासा. फाशावर ठिपक्यांऐवजी रंग. फासा टाकायचा, जो रंग वर येईल त्या रंगाची चकती उचलायची आणि आपल्या बागेत त्या रंगाच्या भोकात बसवायची. भोक आधीच भरलेलं असेल तर पाळी फुकट. ज्याची बाग आधी भरली तो जिंकला. यानं काय काय वाढतं त्याची यादी डब्याच्या कडेला होती: निरीक्षणशक्ती, एकाग्रता, तर्कबुद्धी, बोटांचं कौशल्य आणि सामाजिक जाणीव. छत्तीस वर्षं कारकुनी करून यातलं माझं काही वाढलं नव्हतं. वाढला तो फक्त चष्म्याचा नंबर.

आता रीतसर परीक्षण. कथानक: नाही. संघर्ष: नाही. नायक: फासा. खेळणाऱ्याचं काम: फाशानं सांगितलेलं ऐकणं. माझ्यासारख्या सरकारी नोकरी केलेल्या माणसाला यात नवीन असं काही नव्हतं, पण चार वर्षांच्या पोरीला ते नवीन होतं. तिनं पहिल्या दिवशी तीन डाव मन लावून खेळले. चौथ्या डावात फाशावर पिवळा आला आणि तिनं हिरवी चकती उचलली.

मी म्हणालो, "अगं, पिवळी घे."

"मला माहितेय यलो आलाय," ती म्हणाली. "पण मला ग्रीन पाहिजे."

माझ्या मते खेळ तिथंच संपला. पोरीला रंग ओळखता येत होते. ते येतात की नाही हे बघायला तीन डाव खूप झाले. आता तिला त्यातून काहीतरी निवडायचं होतं, आणि या खेळात निवडायला जागाच ठेवलेली नव्हती. बुद्धिबळात घोडा पुढे घ्यायचा की उंट, याची पंचाईत असते. पत्त्यांत हुकूम आत्ता मारायचा की मागून, याची असते. त्या पंचाइतीलाच आपण खेळ म्हणतो. इथं फाशानं पिवळा म्हटलं की पिवळा. उरलेले दिवस नात काय शिकत होती, तर येत असलेलं उत्तर परत परत द्यायला. शाळेची तयारी म्हणून हे वाईट नाही, असं कुणी म्हणेल. मी तसं म्हणणार नाही, कारण माझी नात शाळेत जाणारच आहे. तिथं ते फुकट शिकवतात. म्हणजे फुकट नाही, पण शिकवतात.

अशा बिनडोक खेळाला कधीकधी फार चांगलं कारण असतं, हे सांगितलं नाही तर माझ्यावर एकांगीपणाचा आरोप येईल. अमेरिकेत कँडी लँड नावाचा एक खेळ १९४९ साली बाजारात आला. एलिनॉर ॲबट नावाच्या शिक्षिकेनं तो त्याच्या आदल्या वर्षी सॅन दिएगोच्या इस्पितळात, पोलिओच्या वॉर्डात असताना तयार केला. त्या स्वतः पोलिओच्या रुग्ण होत्या आणि आजूबाजूच्या खाटा पोरांनी भरलेल्या होत्या. पत्ता उचलायचा, त्यावर जो रंग असेल त्या रंगाच्या पुढच्या घरापर्यंत प्यादं न्यायचं. वाचता यायला नको, मोजता यायला नको, डोकं चालवायला नको. जी मुलं खाटेवरून उठू शकत नव्हती, त्यांचं प्यादं तेवढं चालत होतं. आजाऱ्याच्या पेजेत मीठ कमी आहे म्हणून कुणी तिला नावं ठेवत नाही. पण तीच पेज धडधाकट पोराला पंगतीत वाढली, तर ते पान सरकवणारच.

आणि हा डबा आमच्या जिल्ह्यात यावा याचं मला विशेष वाईट वाटतं, कारण रंगांच्या खेळाची आमच्याकडची परंपरा थेट देवीपर्यंत पोहोचते. तुळजापूर आमच्यापासून एसटीनं तासाभराच्या आत. तिथं भारतीबुवांचा मठ आहे, आणि आई भवानी त्या मठात सारीपाट खेळायला येत असे अशी आख्यायिका आहे. देवीनं काय खेळावं याला अर्थातच तोटा नव्हता. तिनं सारीपाट निवडला, याची टीकाकारानं नोंद घेतली पाहिजे. तुळजापूरच्या कवड्यांची माळ भक्ताच्या गळ्यात असते, आणि पटावर दान टाकायलाही कवड्याच वापरत. भक्ती आणि खेळ यांचं सामान एकाच दुकानात मिळण्याची सोय इतरत्र कुठं असेल असं वाटत नाही.

सारीपाटात चार रंगांच्या सोळा सोंगट्या: लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या. म्हणजे रंग जुळवण्याचं काम तिथंही आहेच. पण त्यात एक मोठा फरक आहे. डब्यातला रंग हे उत्तर आहे, बरोबर किंवा चूक. सारीपाटातला रंग ही बाजू आहे. एकदा लाल सोंगट्या माझ्या झाल्या, की लाल रंग विसरायची कुणाची बिशाद? चार घरं राहिली असताना आपली लाल सोंगटी मारली गेली म्हणजे त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. रंग असा पोटात उतरावा लागतो. धर्मराजानं असल्याच नादात राज्य घालवलं हे खरं आहे, पण सोंगटीचा रंग ओळखण्यात त्याची गफलत झाली असं व्यासांनी कुठं म्हटलेलं नाही.

इंग्रजांनी हाच पट विलायतेत नेला, कवड्या काढून फासा घातला, १८९६ साली पेटंट घेतलं आणि ल्यूडो या नावानं आम्हालाच परत विकला. तरी त्यांनी सोंगट्यांची बाजू काढून घेतली नाही, मारामारी काढून घेतली नाही. ल्यूडोत आजही सख्खी भावंडं एकमेकांशी दोन दिवस अबोला धरतात. आमच्या डब्यात अबोला धरावा असं काही घडतच नाही. 'सामाजिक जाणीव' वाढणार कशानं?

अबोल्यावरून अबोली आठवली, आणि आता मी मुख्य तक्रारीकडे येतो.

दुसऱ्या आठवड्यात माझे गुडघे संपावर गेले, तेव्हा माझ्या जागी आमची ही खेळायला बसली. फासा पडला. ही म्हणाली, "आमसुली."

"आजी, पर्पल."

"पर्पल कसला? आमसुलीच आहे. जरा वांग्याच्या अंगानं गेलाय, एवढंच."

"आजी, प-र्प-ल," नातीनं हिला समजावलं. लहान मुलाला समजावतात तसं. मग माझ्याकडे निवाडा आला. मी नियमांची पुस्तिका काढली. ती चार भाषांत होती. त्या चारांत मराठी नव्हती. इंग्रजीत पर्पल लिहिलं होतं. नात जिंकली, आणि आमसुली हे उत्तर चूक ठरलं.

यात हसण्यासारखं आहे खरं, पण मला काही फार हसू आलं नाही. ज्या बाईनं साड्यांच्या दुकानात उभ्या हयातीत दुकानदारांना रंग शिकवले, ती रंगांच्या परीक्षेत नापास झाली होती. आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. ती उघडली की त्यातून अबोली, मोरपंखी, डाळिंबी, अंजिरी, गुलबक्षी, पोपटी, शेवाळी, मोतिया, बदामी, विटकरी, राखाडी, आकाशी, चटणी असे रंग एकामागून एक निघतात. चिंतामणी रंगाचं एक जुनं लुगडं आहे, त्याला डब्यातला कुठलाच रंग नात्यातला वाटला नाही. हे सगळं तिला कुणी शिकवलेलं नाही. तिच्या आईनं 'ती अंजिरी चोळी आण गं' म्हटलं आणि हिनं चुकून डाळिंबी आणली, की परत पाठवत. झालं शिक्षण.

१९६९ साली बर्लिन आणि के या दोन अमेरिकन पंडितांनी जगभरच्या भाषांतल्या रंगांच्या नावांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांच्या हिशेबात जे नाव एखाद्या वस्तूवरून पडलेलं उघड दिसतं, ते सहसा मूळ रंगांत धरत नाहीत. पंडितांचं पंडितांपाशी. पण आमच्या ट्रंकेतली नावं बघा, त्यातलं जवळजवळ प्रत्येक कशाला तरी चिकटलेलं आहे. आमसुली म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं. राखाडीत चूल आहे, शेवाळीत विहिरीची पायरी आहे, विटकरीत घर आहे, मोरपंखीत मोर. रंग शिकता शिकता पोराला निम्मं गाव ओळखीचं होतं. पर्पलमध्ये काय आहे? मुळात एक समुद्रातला शिंपला आहे म्हणतात, ज्यापासून ग्रीक-रोमन लोक रंग काढत, पण तो काही भोगावतीत सापडत नाही.

ऑरेंजची तर कमालच. आपला नारंग हा शब्द इराण्यांकडे गेला, तिथून अरबांकडे, तिथून युरोपात. वाटेत त्याचा पुढचा न गळाला, फ्रेंचांच्या हातून तो इंग्रजांकडे पोहोचला आणि ऑरेंज झाला. आता तो डब्यात बसून धाराशिवला परत आला आहे, आणि मी 'नारिंगी' म्हटलं की नात विचारते, "आबा, नारिंगी म्हणजे काय?"

नातीला सहा रंगांची इंग्रजी नावं आली याचा मला आनंदच आहे. पण त्या सहांच्या बदल्यात आजीकडचे तीस-चाळीस जातात, आणि नुसते जात नाहीत, चूक ठरून जातात, हा सौदा मला पटत नाही. तीन-चार वर्षांच्या वयात मुलाला रंग जुळवता आधी येतो, त्याचं नाव मागून येतं. म्हणजे नाव चिकटण्याचं वय नेमकं हेच. आणि त्या वेळी समोर कोण बसलंय, कोण काय बोलतंय, यावर सगळा हिशेब. त्या दिवसानंतर ही दोन दिवस खेळायला बसली नाही. "मला नाही बाई ते तुमचे इंग्रजी खेळ येत," म्हणाली.

मग मी नातीला बाहेरचे रंग दाखवायला म्हणून गावाबाहेर घेऊन गेलो. माळावर शेळ्या चरत होत्या. आमच्या जिल्ह्याची शेळी प्रसिद्ध आहे. गावाचं नाव बदललं, पण पशुसंवर्धनाच्या पुस्तकांत ती अजून उस्मानाबादीच आहे. शेळीला कुणी विचारलं नाही. नात बोट दाखवून म्हणू लागली, "ब्लॅक. ब्लॅक. ब्लॅक." उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्याच असतात, तेव्हा रंग शिकवायला मी फार विचार करून जागा निवडली होती असं म्हणता येणार नाही. तेवढ्यात कळपातून एक काळ्यावर पांढरे ठिपके असलेली आली. नात गप्प झाली. मग म्हणाली, "आबा, हिला कुठल्या होलमध्ये ठेवायचं?"

राखणाऱ्या मावशी हसल्या. "ही कबरी हाय, बाळा. हिला कुठं ठिवायचं न्हाई. ही कुठं ठरतच न्हाई."

त्या रात्री मी जरा पुस्तकं चाळली, कारण हे सगळं शिक्षणशास्त्राच्या नावावर चालतं. शास्त्रवाल्यांनी खरोखर असं सांगितलं होतं का? जर्मनीत फ्रोबेलनं १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली. त्याच्या खेळण्यांतलं अगदी पहिलं म्हणजे लोकरीचे सहा चेंडू, सहा रंगांचे. पण त्यांना भोकं नव्हती. दोरीला बांधून ते झुलवायचे, लपवायचे, लोळवायचे. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालघर उघडलं. त्यांच्या साधनांत रंगांच्या पट्ट्या आहेत, आणि रंग जुळवणं आहे. म्हणजे आमच्या डब्याचं घराणं हेच. पण बाईंच्या पहिल्या पेटीत लाल, निळ्या, पिवळ्याच्या तीन जोड्याच असतात. ती झाली की पुढची पेटी. तिसऱ्या पेटीत त्रेसष्ट पट्ट्या असतात. नऊ रंग आणि प्रत्येकाच्या गडद ते फिकट सात छटा. बाईंना जायचं होतं ते आमच्या ट्रंकेपर्यंत. डबेवाल्यांनी त्यांच्या जिन्याची पहिली पायरी उपटून आणली आणि तिलाच माडी म्हणून विकलं.

माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथंच अडकून पडल्या. पण आपल्याकडे त्याआधीच भावनगरला गिजुभाई आणि ताराबाई मोडक कामाला लागले होते. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली, बरोबर अनुताई वाघ. पुढे त्या कोसबाडला गेल्या. माँटेसरीची साधनं महाग आणि गाव गरीब. तेव्हा या बायकांनी काय केलं, तर शंख-शिंपले, खडे, बिया, पानं-फुलं गोळा केली आणि त्यांचीच साधनं केली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी म्हणतात ती तिथून आली. १९७५ साली सरकारनं ती देशभर न्यायची योजना काढली. योजनेत पुढं काय झालं ते ज्याच्या त्याच्या गावच्या अंगणवाडीत जाऊन बघावं. मला म्हणायचंय ते एवढंच, की वेगवेगळ्या रंगांच्या बिया निवडणं हे शिक्षण आहे, हे ताराबाईंसारख्या विदुषीला पटलं होतं.

हे मी मोठ्यानं वाचत होतो. ही स्वयंपाकघरात ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ही सूप घेऊन आली. त्यात तुरीची डाळ, मसूर, मूग, उडीद, हरभरे आणि चवळी, प्रत्येकी एक मूठ, एकत्र केलेली. बाजूला सहा वाट्या. पिवळा, केशरी, हिरवा, काळा, तपकिरी, पांढरा. रंग डब्यात होते तेवढेच, सहा.

"निवड," ही म्हणाली.

खेळाचे नियम नातीनंच पाच मिनिटांत केले. उडीद हे चोर, त्यांना आधी पकडायचं. हरभरे पोलीस. तुरीची डाळ लग्नाला चाललेली, तिला कुणी हात लावायचा नाही. मग एका उडदावरून भांडण झालं, तो काळा की करडा. आजी म्हणाली करडा, नात म्हणाली चोरानं वेष बदललाय. मी दोघींचंही ऐकून घेतलं. पुस्तिका नव्हती, त्यामुळे निवाडा झाला नाही, आणि तास कसा गेला कळलं नाही. संध्याकाळी त्याच सगळ्याचं मिश्र वरण झालं. डाव संपल्यावर खेळ खाता येतो, ही सोय कुठल्याही डब्यात नाही.

पण टीकाकारानं दोन्ही बाजू बघाव्यात. तिसऱ्या दिवशी एक मूग नाकात घालून बघण्याचा प्रयोग झाला. तो वेळीच दिसला म्हणून बरं. लाकडी चकती नाकात जात नाही, हा गुण मी डब्याच्या खात्यात लिहितो. सूप मांडलं तर समोरून उठून जायची सोय नाही, हेही लिहितो. डब्यासमोर पोराला सोडून मी दोन वेळा चहा पिऊन आलो होतो.

डब्याचा आणखी एक गुण आहे, आणि तो मोठा आहे. शेजारचा पाच वर्षांचा मुलगा आमच्याकडे खेळायला येत असे. तो डाळी निवडण्यात पटाईत. पण डब्यावर बसवला की हिरवी चकती नारिंगी भोकात, जांभळी निळ्या भोकात. त्याचे वडील एकदा बघायला उभे राहिले आणि त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणाले, "लक्ष कुठंय तुझं? ढ कुठला!" पोरगं रडवेलं झालं. मला मात्र ते चमत्कारिक वाटलं. चुका अंदाधुंद नव्हत्या, त्याच त्याच जोड्यांत होत्या. पुढं डॉक्टरांनी तपासलं तेव्हा समजलं, की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. हे डोळ्यांचं वाण जन्मजात असतं, मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त, आणि पुष्कळदा आईच्या वडिलांकडून आईमार्फत नातवाकडे येतं. आईला स्वतःला बहुधा काहीच नसतं. इंग्लंडात डाल्टन नावाच्या शास्त्रज्ञानं १७९४ साली स्वतःच्याच डोळ्यांची ही गोष्ट सभेत सांगितली होती. त्या पोराच्या आजोळी चौकशी केली, तर आजोबा उभ्या जन्मात मिरची लाल झाली का हे बायकोला विचारूनच तोडत असल्याचं निघालं. सगळ्यांना वाटे, काय बायकोच्या शब्दाबाहेर नसलेला माणूस!

डाळीत हे कधीच उघडकीला आलं नसतं. मूग तो आकारावरून ओळखत होता, तूर बोटावरून. डब्यातल्या सगळ्या चकत्या एका मापाच्या, एका वजनाच्या, फरक फक्त रंगाचा. म्हणून ते सापडलं. तेव्हा डबेवाल्यांना माझी एक विनंती आहे. झाकणावर 'एकाग्रता वाढते' छापण्याऐवजी एवढं छापा, की मूल त्याच दोन रंगांत परत परत अडखळत असेल तर धपाटा घालू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि चकतीवर रंगाबरोबर एखादं पान, फूल, चांदणी अशी खूण कोरा, म्हणजे अशा पोरालाही चारचौघांत खेळता येईल. शाईचा खर्च फार वाढणार नाही.

त्या पोराला आता गल्लीत कुणी ढ म्हणत नाही. नातीनं त्याच्यापुरता नियमच बदलला. त्यानं नुसतं भोक दाखवायचं आणि रंग तिनं सांगायचा. दोघं मिळून आजीला हरवत. म्हणजे ही परत खेळायला बसू लागली होती, हे सांगायचं राहिलंच.

नात जायच्या आधी आम्ही सगळे तुळजापूरला जाऊन आलो. देवळाच्या वाटेवर दुकानांतून कुंकवाचे आणि हळदीचे ढीग रचलेले असतात, ते बघून ती जागची हलेना. घरी आल्यावर तिनं पट उलटा घातला, त्यावर चकत्यांचे ढीग केले आणि दुकान मांडलं. फासा म्हणजे तराजू. आजी पहिली गिऱ्हाईक.

"आमसुली आहे का हो, बाई?"

"आहे की. दहा रुपये."

मी म्हणालो, "मला एक पर्पल द्या."

"पर्पल पाच रुपये."

दोन्ही वेळेला तिनं चकती त्याच ढिगातून काढली. मी तशी तक्रार केली. तेव्हा ती हात नाचवत म्हणाली, "आबा, पर्पल पुण्यात पण मिळतो. आमसुली इथंच मिळतो."

आमच्या हिनं लगेच वीस रुपयांच्या घेतल्या.